रात्रीच्या फ्लॅशबद्दल वन विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव),
महाराष्ट्र राज्य, नागपूर

महोदय,

मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर, 'पक्षी सप्ताह' पाळायचं शासनानं २०२० साली ठरवलं. त्यानिमित्तानं छायाचित्र स्पर्धा भरतात, मुलं कॅमेरे घेऊन बाहेर पडतात. चांगलंच आहे. पण त्या स्पर्धांच्या नियमांत एक ओळ वाढवा, एवढ्यासाठी हे पत्र.

आमच्या तेरमध्ये रात्रीचे पक्षी बघायला अभयारण्य गाठावं लागत नाही. पिंगळे गावातच, जुन्या झाडांच्या ढोलीत. गव्हाणी घुबड पडक्या माळवदाच्या आडोशाला. आणि तेरणा धरणाकडच्या कच्च्या रस्त्यावर, फुफाट्यात अंग टेकून रातवा. गाडीच्या उजेडात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात आणि तिथंच त्याचा घात होतो. एकजण बॅटरीचा झोत त्याच्यावर धरतो, दुसरा चार-पाच हातांवर जाऊन फ्लॅश मारत सुटतो. पक्षी हलत नाही. मग, "बघा, त्याला काही वाटत नाही," असं वर ऐकवलं जातं. रातव्याचा सगळा बचावच मातीत दबून बसण्यात आहे. अगदी पायाशी येईपर्यंत तो उडत नाही, ते भीती नसते म्हणून नव्हे.

उगाच बाऊ करायचा नाही. एका फ्लॅशनं पक्षी कायमचा आंधळा होतो, असं सिद्ध झालेलं नाही. भर दुपारी वेड्या राघूवर उडवलेला फ्लॅश उन्हापुढं काहीच नाही. त्यावर बंदी मागणारे उत्साही लोक मला पटत नाहीत. रात्रीची गोष्ट वेगळी. अंधाराला पुरतं सरावायला आपल्याच डोळ्यांना अर्धा तास लागतो. घुबडाचे डोळे तर खोबणीत पक्के बसलेले, ते फिरवून नजर चुकवायची सोय नाही; वळवायची तर अख्खी मान वळवावी लागते. ऐन शिकारीच्या वेळी त्याची नजर दिपवली, तर त्या घटकेला उंदीर सुटतो आणि ढोलीतली पिल्लं उपाशी राहतात.

कायदा काय म्हणतो, हे आपल्याला मी सांगायला नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमातल्या 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणंही येतं. फ्लॅशचं नाव त्यात नाही. अभयारण्यात छायाचित्रणाला परवानगी लागते, म्हणून येडशीच्या रामलिंग घाटात आपला धाक चालतो. तेरच्या बांधावरच्या पिंगळ्याला कुठला परवाना वाचवणार?

म्हणून स्पर्धेचा रस्ता. घुबडं, पिंगळे, रातवे, रातथाऱ्यावर बसलेले थवे आणि कोणतंही घरटं: यांचा फ्लॅश किंवा झोत टाकून काढलेला फोटो स्वीकारू नये. फ्लॅश तपासणं अवघडही नाही. तो उडाला की नाही, याची नोंद कॅमेरा मूळ फाइलमध्ये स्वतःच ठेवतो. छापील प्रतीसोबत मूळ फाइल मागवली की झालं. बॅटरीच्या झोताची नोंद मात्र होत नाही, त्यासाठी स्पर्धकाकडून लेखी हमी घ्यावी. सराईत परीक्षकाला बुबुळातला तो पांढरा ठिपकाही बरंच काही सांगून जातो. आणि बक्षीसच नसेल, तर रात्री धरणावर तंगडतोड करणारे निम्मे हौशी घरी झोपतील.

हल्लीचे कॅमेरे संधिप्रकाशातही फ्लॅशविना काम भागवतात. फोटो जरा दाणेदार येईल, येऊ दे. आमच्या लामतुरे संग्रहालयातल्या हस्तिदंती बाहुलीसमोर फ्लॅश नको म्हटलं, तर कुणी वाद घालणार नाही. जिवंत पिंगळ्यापुढं मात्र परीक्षकांना लखलखीत पीस न् पीस मोजायचं असतं!

यंदाच्या पक्षी सप्ताहाचं परिपत्रक जिल्ह्यांना जाईल, तेव्हा त्यात ही अट घालावी आणि ती शाळांपर्यंत पोचवावी, ही विनंती.

आपला,
तेर (ता. जि. धाराशिव) येथील एक पक्षीनिरीक्षक