सलामी पुरेशी नाही : माजी सैनिकांच्या शुश्रूषेचा दर्जा कोण मोजणार?

होल्योक हे अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातले एक लहान शहर. तिथे माजी सैनिकांसाठी राज्य सरकारने चालवलेले एक नर्सिंग होम 1952 पासून आहे. दुसरे महायुद्ध, कोरिया, व्हिएतनाम अशा युद्धांतून परतलेली माणसे म्हातारपणी तिथे राहायला येत. मार्च 2020 मध्ये करोनाचा विषाणू या घरात शिरला आणि पुढच्या काही आठवड्यांत किमान 76 माजी सैनिक मरण पावले.

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की डॉक्टरांचा छोटा खासगी दवाखाना डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत त्याचा अर्थ वेगळा आहे. ज्यांना स्वतः उठता, आंघोळ करता, जेवता किंवा औषधे घेता येत नाहीत, अशा वृद्धांनी कायमचे राहायचे ते ठिकाण. तिथे चोवीस तास परिचारिका आणि मदतनीस असणे अपेक्षित असते. माजी सैनिकांसाठी राज्य सरकारांची अशी दीडशेहून अधिक घरे अमेरिकेत आहेत. केंद्राचे माजी सैनिक खाते त्यांना दर माणशी दर दिवसाचे अनुदान देते आणि बांधकामाचा 65 टक्क्यांपर्यंत खर्च उचलते. म्हणजे पैसा केंद्राचा आणि राज्याचा, इमारत सरकारी, आत राहणारे देशासाठी लढलेले. तरीही 76 माणसे गेली. हे कसे झाले, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

नेमके काय घडले?

गव्हर्नर चार्ली बेकर यांनी माजी सरकारी वकील मार्क पर्लस्टीन यांच्याकडे चौकशी सोपवली. त्यांचा अहवाल जून 2020 मध्ये आला. त्यातला घटनाक्रम साधा आहे आणि म्हणूनच जास्त अस्वस्थ करतो.

स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या विभागातल्या एका रहिवाशाची 17 मार्चला करोना चाचणी झाली. तो बाधित असल्याचा निकाल 21 मार्चला आला. मधल्या दिवसांत त्याला वेगळे ठेवले गेले नाही. तो इतरांमध्येच वावरत राहिला. 27 मार्चला कर्मचारी कमी पडू लागले, तेव्हा प्रशासनाने स्मृतिभ्रंशाचे दोन विभाग एकत्र केले. 25 जणांसाठी आखलेल्या जागेत 42 जण आले. त्यात आजारी होते आणि लक्षणे नसलेलेही होते. तीनच दिवसांनी राज्याचे अधिकारी तिथे पोहोचले आणि अधीक्षकांना रजेवर पाठवण्यात आले.

विषाणू कोणाच्या हातात नव्हता, हे खरे. पण विभाग एकत्र करण्याचा निर्णय माणसांनी घेतला होता. चौकशीने त्याला गंभीर चूक ठरवले. आणि तो निर्णय घ्यावा लागला, कारण माणसे अपुरी होती. हा तुटवडा मार्चमध्ये सुरू झालेला नव्हता. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी जुन्या होत्या. आधीच्या अधीक्षकांनीही पुरेसा निधी आणि माणसे मिळत नसल्याचे सांगत पद सोडले होते. करोनाने हे घर मोडले नाही. ते आधीच किती पोखरलेले होते, एवढेच त्याने दाखवले.

‘आपला माणूस’ म्हणजे हमी नव्हे

2016 मध्ये नेमलेले अधीक्षक हे मरीन दलातले निवृत्त अधिकारी होते. सैनिकांच्या घराचा कारभार सैनिकाकडे, हे ऐकायला चांगले वाटते. पण नर्सिंग होम चालवण्याचा अनुभव आणि त्याचा परवाना त्यांच्याकडे नव्हता. अहवालाने यावरही बोट ठेवले.

हा मुद्दा चळवळीत काम करणाऱ्यांनी नीट ऐकावा असा आहे. खुर्चीवर आपला माणूस बसला की प्रश्न सुटला, असे आपल्यालाही वाटते. प्रतिनिधित्व हा हक्क आहे आणि तो मागायलाच हवा. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर वळवणे, त्याच्या पाठीला जखम होऊ न देणे, संसर्ग पसरू न देणे ही कौशल्ये आहेत. ती शिकावी लागतात. शौर्यपदक किंवा नातेसंबंध त्यांची जागा घेऊ शकत नाहीत.

पुढे न्यायालयात काय झाले तेही पाहू. अधीक्षक आणि वैद्यकीय प्रमुख या दोघांवर 2020 मध्ये गुन्हेगारी आरोप ठेवले गेले. 2021 मध्ये कनिष्ठ न्यायालयाने ते फेटाळले. 2023 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने खटला पुन्हा उभा केला. 2024 मध्ये तो कोणालाही तुरुंगवास न होता आणि दोषसिद्धीची नोंद न होता संपला. त्याआधी 2022 मध्ये राज्य सरकारने कुटुंबांशी 5 कोटी 60 लाख डॉलरची तडजोड केली होती. ही भरपाई अर्थातच करदात्यांच्या पैशातून आली. जबाबदारी सगळ्यांची, म्हणजे शेवटी कोणाचीच नाही, अशी ही अवस्था आहे.

दर्जा मोजायचा तरी कसा?

अमेरिकेत वृद्धांच्या घरांना तारांकन देण्याची पद्धत 2008 पासून आहे. एक ते पाच तारे तीन गोष्टींवरून ठरतात: सरकारी तपासणीत काय सापडले, दर रहिवाशामागे परिचारिका आणि मदतनीस किती तास देतात, आणि रहिवाशांची प्रकृती कशी आहे. प्रकृतीच्या मोजमापात बेडसोर, पडून झालेल्या मोठ्या इजा, माणसाला गप्प ठेवण्यासाठी दिली जाऊ शकणारी मनोविकारावरची औषधे, अशा बाबी येतात. हे आकडे कोणीही संकेतस्थळावर पाहू शकतो.

या पद्धतीत त्रुटी आहेत. प्रकृतीचे बरेच आकडे ती संस्था स्वतःच भरून देते. स्वतःचा पेपर स्वतःच तपासला की गुण चांगलेच पडतात. म्हणून यातला सर्वात विश्वासाचा आकडा कोणता, असे विचाराल तर आम्ही म्हणू, पगारपत्रकावरून काढलेले कर्मचाऱ्यांचे तास. 2022 पासून तारांकनात शनिवार-रविवारचे मनुष्यबळ आणि किती कर्मचारी नोकरी सोडून जातात, हेही धरले जाऊ लागले. शनिवारी रात्री विभागात किती माणसे होती, यावर घराची खरी परीक्षा होते. मंत्र्याच्या भेटीच्या दिवशी सगळीकडेच चादरी स्वच्छ असतात.

किती तास पुरेसे, यावरही वाद आहे. राज्यांच्या माजी सैनिक घरांसाठी केंद्राच्या नियमात दर रहिवाशामागे दिवसाला किमान अडीच तास शुश्रूषा अशी अट आहे. सर्वसाधारण नर्सिंग होमसाठी 2024 मध्ये 3.48 तासांचा नियम जाहीर झाला, पण 2025 मध्ये टेक्सासमधल्या फेडरल न्यायालयाने तो रद्द केला. अडीच तास म्हणजे चोवीस तासांतली 150 मिनिटे. त्यात आंघोळ, तीन वेळचे जेवण, औषधे, कपडे बदलणे, शौचाला नेणे आणि कूस बदलणे बसवून पाहा. मग किमान हा शब्द किती खालून सुरू होतो ते कळते.

दुसरी अडचण पारदर्शकतेची. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने जुलै 2019 मध्ये, म्हणजे होल्योकच्या आठ-नऊ महिने आधी, एक अहवाल दिला होता. राज्यांच्या माजी सैनिक घरांची तपासणी करणारे कंत्राटदार काही उणिवा ‘त्रुटी’ म्हणून न नोंदवता ‘शिफारस’ म्हणून नोंदवतात आणि या घरांच्या दर्जाची माहिती माजी सैनिक खात्याच्या संकेतस्थळावर मिळत नाही, असे त्यात म्हटले होते. शब्द बदलला की दोष कागदावरून नाहीसा होतो. माणसाच्या अंगावरची जखम मात्र तिथेच राहते.

आणखी एक गोष्ट. ज्याची स्मृती गेली आहे तो तक्रार करू शकत नाही. त्यामुळे ‘आमच्याकडे एकही तक्रार नाही’ हे वाक्य चांगल्या दर्जाचा पुरावा ठरत नाही. बोलू न शकणाऱ्याच्या वतीने पाहणारा कोणी स्वतंत्र माणूस आहे का, हे विचारायला हवे.

मॅसॅच्युसेट्सने उशिरा का होईना, काही धडे घेतले. 2022 च्या कायद्याने अधीक्षकाकडे नर्सिंग होम प्रशासनाचा परवाना असणे, आरोग्य खात्याकडून नियमित तपासणी आणि माजी सैनिकांची बाजू मांडणारे स्वतंत्र कार्यालय या गोष्टी आणल्या. 2023 मध्ये नव्या इमारतीचे काम सुरू झाले. या सुधारणा मृतांच्या कुटुंबांनी गप्प बसायला नकार दिल्यामुळे झाल्या, हे विसरू नये.

आपला संबंध काय?

महार रेजिमेंट 1 ऑक्टोबर 1941 रोजी उभी राहिली. तेव्हापासून आपल्या कितीतरी घरांतून माणसे सैन्यात गेली. त्यातले अनेक जण आज गावात, वस्तीत, मुलांच्या दोन खोल्यांच्या घरात म्हातारपण काढत आहेत. बहुतेकांची शुश्रूषा घरातली सून किंवा मुलगी करते, बिनपगारी आणि बिनप्रशिक्षण. माजी सैनिकांसाठी 2003 पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे, जिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय आहे, पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी पुण्यात खडकीला 1974 पासून पुनर्वसन केंद्र आहे. पण कुटुंबे लहान होत आहेत, मुले शहरात जात आहेत. वृद्धांच्या निवासी संस्थांची गरज आपल्याकडेही वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

अशा संस्थेत आपले कोणी असेल किंवा तुम्ही कार्यकर्ते म्हणून भेट देणार असाल, तर फळे वाटून आणि फोटो काढून परत येऊ नका. हे प्रश्न विचारा:

रात्रपाळीला आणि सुट्टीच्या दिवशी किती माणसांमागे एक मदतनीस असतो?

अंथरुणावरच्या रहिवाशाची कूस किती वेळाने बदलतात, त्याची नोंद कुठे आहे?

गेल्या वर्षभरात किती जण पडले, किती जणांना बेडसोर झाले?

शेवटची तपासणी कोणी केली आणि तिचा अहवाल नातेवाईकांना दाखवतात का?

न कळवता आलेल्या नातेवाईकाला आत सोडतात का?

संसर्ग पसरला तर आजाऱ्यांना वेगळे ठेवायची जागा कोणती?

संस्था सरकारी असेल किंवा सरकारी अनुदानावर चालत असेल, तर तपासणी अहवाल आणि मंजूर पदांची माहिती 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येते. उत्तर आले नाही तर अपील करा. हे काम दोन तरुणांनी एका संध्याकाळी सुरू करण्यासारखे आहे.

म्हाताऱ्या सैनिकाची काळजी हा त्याच्यावर केलेला उपकार नाही. तो त्याचा हक्क आहे, आणि हक्काची मोजदाद करावी लागते. होल्योकमध्ये आदराची कमतरता कधीच नव्हती. कमी पडली ती माणसे आणि त्यांच्यावर नजर ठेवणारे डोळे. म्हणून सलामी जरूर द्या, पण त्याच दिवशी रात्रपाळीचे हजेरीपत्रकही मागा.