*पंप आपला, तर पासवर्डही आपलाच हवा*



१२ ऑक्टोबर २०२० आठवतोय? सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, कल्याणची वीज एकदम गेली, लोकल जागेवर थांबल्या. बिघाड आपल्याच जिल्ह्यातल्या कळवा-पडघा वाहिन्यांवर होता. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर हल्ल्याचा संशय बोलून दाखवला. केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले, माणसाची चूक. कारण काहीही असो, एका ठिकाणी बिघडलं आणि सगळ्यांचं अडलं.

तेव्हा वाटलं, आपला सोलर असता तर कुणावर अवलंबून राहावं लागलं नसतं. आता मुरबाड-शहापूरकडे भेंडीला सोलर पंपाने पाणी देतो. पण योजनेतल्या पंपाच्या कंट्रोलरलाही सिमकार्ड असतं. पंप किती चालला, कुठे अडला ते लांबून दिसतं. घरावरचे बरेच इन्व्हर्टर तर मोबाइलवरून बंदही करता येतात. सोय चांगलीच, पण पासवर्ड ज्याच्या हातात, सोय त्याची.

"माझ्या पाच एचपीच्या पंपात कुणाला काय मिळणार?" असं म्हणू नका. जपानमध्ये सोलरवर देखरेख ठेवणारी सुमारे ८०० यंत्रं चोरांनी ताब्यात घेतल्याचं २०२४ साली उघड झालं. त्यांना वीज नकोच होती. त्या यंत्रांच्या आडून त्यांनी बँक खात्यांतले पैसे चोरले.

काही जण म्हणतात, सिमच काढून टाका. मला ते पटत नाही. पंपाला पाच वर्षं दुरुस्तीची हमी आहे. सिम काढलं तर बिघाड लांबून दिसणार नाही, वर हमीवरून वाद होईल. मोटरच्या पेटीची चावी आपण वायरमनच्या खिशात ठेवतो का? मग अ‍ॅपची का ठेवायची?

*एवढं कराच:*
१. अ‍ॅपचं लॉगिन स्वतःच्या नंबरवर करून घ्या.
२. बसवताना दिलेला पासवर्ड बदला. १२३४ नको.
३. "सर्व्हिससाठी ओटीपी सांगा" असा फोन आला तर सांगू नका.
४. पंप आपोआप बंद-चालू झाला तर स्क्रीनचा फोटो काढा, तारीख-वेळ लिहा, पुरवठादाराकडे तक्रार करा. पैसे गेले तर लगेच १९३० लावा.

आणि आपल्या कंपनीनेही यापुढे सोलर बसवताना पासवर्ड लेखी ताब्यात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये, असं माझं मत आहे. पुढच्या बैठकीत हा विषय मांडणार आहे. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.