किट देताय? आधी बाईंना विचारा

दहावीच्या जुन्या बॅचचा मेळावा भरला, की जेवणानंतर कोणीतरी म्हणतंच, आपल्या शाळेला काहीतरी देऊ या. पूर्वी पाण्याची टाकी दिली जायची, पंखे दिले जायचे. आता रोबोटिक्सची लॅब द्यायचं ठरतं. वर्गणी निघते, किटं येतात, फीत कापली जाते, पुरवठादाराने तयार करून आणलेला रोबो पाहुण्यांना गुलाबाचं फूल देतो आणि टाळ्या पडतात. हेतू चांगला असतो, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण तुम्ही अशा बॅचच्या ग्रुपवर असाल, शाळा व्यवस्थापन समितीवर असाल किंवा नुसते पालक असाल, तर एवढं ऐका: जमलेल्या पैशातला निम्मा तरी शिक्षकांच्या शिकण्यासाठी राखून ठेवा. आणि ते शिकणं दोन दिवसांत उरकू देऊ नका.

वस्तूंसाठी पैसा मिळत नाही, अशी स्थिती आता राहिलेली नाही. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६पासून शाळांना टिंकरिंग लॅबसाठी २० लाखांपर्यंत अनुदान दिलं. अशा लॅब देशभरातल्या १० हजार शाळांत झाल्या. २०२५च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी ५० हजार लॅब जाहीर झाल्या. म्हणजे खोकी येत राहणार. ती उघडणाऱ्या माणसाचं काय, हा प्रश्न आहे.

नेहमीचं प्रशिक्षण कसं होतं, ते बघा. हॉलमध्ये चाळीस शिक्षक, प्रत्येक टेबलावर जोडणी आधीच केलेलं किट. प्रशिक्षक पडद्यावर प्रोग्रॅम दाखवतो, सगळे तो जसाच्या तसा उतरवतात, काळ्या रेघेवरून गाडी धावते, फोटो निघतो, प्रमाणपत्र हातात पडतं. सोमवारी बाई शाळेत किट उघडतात आणि संगणकाला त्यातला प्रोग्रॅम चालवणारा आर्डुइनोसारखा बोर्ड दिसतच नाही. कारण शोधायला गेलं तर क्षुल्लक असतं. केबल नुसती चार्जिंगची असते, तिच्यात माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतात. नाहीतर स्वस्त बोर्डावरच्या सीएच-३४० या चिपचा ड्रायव्हर शाळेच्या जुन्या संगणकात टाकलेला नसतो. पण हे बाईंना कोणी दाखवलेलंच नसतं, कारण हॉलमध्ये सगळं चालू होतं. साठ मुलं समोर, पस्तीस मिनिटांची तासिका, त्यातली वीस मिनिटं गेलेली. पुढच्या आठवड्यात बाई खडू-फळ्याकडे वळतात. त्यांना दोष देता येणार नाही.

मोटारसायकल दुरुस्त करायला शिकणाऱ्या पोराला गॅरेजमध्ये कोणी धडधाकट गाडीवर बसवत नाही, त्याच्यापुढे बंद पडलेली गाडी ढकलतात. शिक्षकांचं प्रशिक्षण असंच बिघाडापासून सुरू व्हायला हवं. सगळे चहाला गेले की प्रशिक्षकाने प्रत्येक टेबलावरची एक गोष्ट बिघडवून ठेवावी. कुठे एलईडी उलटा लावावा. कुठे मोटार चालवणाऱ्या सर्किटची आणि बोर्डाची ग्राउंडची तार एकमेकींपासून सोडवावी, म्हणजे मोटार वाटेल तशी वागते. कुठे प्रोग्रॅममधला एक सेमिकोलन उडवावा. तो गेला की संगणक पुष्कळदा पुढच्या ओळीवर बोट ठेवतो आणि नवखा माणूस तिथेच चूक शोधत बसतो. आणि कुठे मोटारींना ती छोटी चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी जोडावी. मोटार सुरू होताना जेवढा प्रवाह मागते तेवढा ती देऊ शकत नाही, व्होल्टेज कोसळतं, बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, गाडी एक झटका देऊन थांबते. या चार बिघाडांतून स्वतः वाट काढलेली शिक्षिका वर्गात डगमगत नाही. शिवाय मुलांसमोर ‘थांबा, हे का होतंय ते बघू या’ म्हणण्याची तिला सवय लागते. माझ्या मते या विषयात मुलांनी शिकण्यासारखं सर्वांत मोलाचं तेच आहे.

दोन दिवसांनंतरही शिकणं चालू ठेवायचं म्हणजे काय करायचं, याचा नमुना आपल्याकडेच आहे. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र प्रकल्पाने अभियांत्रिकी महाविद्यालयांत रोबोटिक्सच्या लॅब उभारताना प्रत्येक कॉलेजातून चार प्राध्यापकांचा गट घेतला. दोन दिवसांच्या कार्यशाळेनंतर त्या गटाला ठरावीक कामं दिली आणि रोबोकडून ती करवून घ्यायला लावली. शाळेला आयआयटीची सर येणार नाही, पण दोन गोष्टी उचलता येतात. एकट्यादुकट्याला पाठवायचं नाही, आणि कार्यशाळा संपल्यावर गृहपाठ द्यायचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत तर एकालाच शिकवणं म्हणजे बदलीच्या यादीची वाट पाहणं. निदान दोघं हवेत, आणि त्यातले एक गणिताचे किंवा चित्रकलेचे असले तरी चालेल. ‘संगणकाच्या सरांनाच पाठवा’ हा हट्ट सोडा. जिथे असे सरच नाहीत तिथे मुख्याध्यापक सर्वांत तरुण पुरुष शिक्षकाकडे बोट दाखवतात. विज्ञान शिकवणाऱ्या बाई पंधरा वर्षं प्रयोग करून दाखवत असतात, त्यांना कोणी विचारतही नाही.

आता अभ्यासक्रमाचं. शिक्षकांचा खरा आक्षेप असा, की पोर्शन कधी पुरा करायचा? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातच सापडतं. बोर्डाच्या पिनमधून ५ व्होल्ट मिळतात, लाल एलईडी त्यातले साधारण २ व्होल्ट घेतो, उरलेले ३. मध्ये २२० ओहमचा रोध लावला तर प्रवाह किती? सुमारे १४ मिलिअँपिअर, म्हणजे आर्डुइनो उनोच्या पिनला झेपेल इतका. ओहमचा नियम फळ्यावर सोडवणारी मुलं इथे रोध का लावायचा ते बघतात. ध्वनीच्या पाठात प्रतिध्वनी आणि सोनार शिकवतात. स्वस्तातला अल्ट्रासॉनिक सेन्सर तेच करतो: एक मीटरवरच्या भिंतीवर आदळून आवाज परत यायला ६ मिलिसेकंदांहून थोडा कमी वेळ लागतो. तो वेळ मोजून अंतर काढायचा प्रोग्रॅम आठ-दहा ओळींचा होतो. मातीचा ओलावा मोजणारा दोन दातांचा स्वस्त सेन्सर सतत चालू ठेवला तर काही दिवसांत गंजतो. ती तक्रार नको समजायला, विद्युत अपघटनाचा आयता प्रयोग म्हणून घ्या. प्रशिक्षणात शिक्षकांना रोबो धावता दाखवण्यापेक्षा आपल्याच विषयाचा एक पाठ अशा वस्तूंवर बसवून आणायला सांगा.

यानंतरची अडचण कोणी भाषणात बोलत नाही. किटं कपाटात कुलूपबंद राहतात, ती आळसामुळे नव्हे. ती डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली असतात, आणि सेन्सर जळला तर हिशेब कोणी द्यायचा, वसुली कोणाकडून होणार, याची धास्ती असते. तुम्ही व्यवस्थापन समितीवर असाल तर पुढच्या बैठकीत सरळ ठराव मांडा: एलईडी, तारा, सेन्सर, छोट्या मोटारी या वापरून संपणाऱ्या वस्तू समजाव्यात, आणि दरवर्षी मोडतोडीसाठी ठरावीक रक्कम बाजूला ठेवावी. माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्या देणगीतले पैसे या शीर्षकाखाली टाकता येतात. त्यावर कोनशिला बसत नाही, हे मान्य.

वेळेचंही तसंच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे आणि माध्यमिकपूर्व टप्प्यापासून कोडिंगही आणलं आहे. प्रत्यक्षात शिक्षक मतदार याद्या, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरण्यात असतात. गावाने निवेदनं द्यायची तर यासाठी द्यावीत. केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत महिन्यातून एक तास या कामाला मिळाला, शेजारच्या चार शाळांचे शिक्षक आपापले बंद पडलेले बोर्ड घेऊन एकत्र बसले, तरी महागड्या शिबिरापेक्षा जास्त पदरात पडेल.

तुमच्यात कोणी पुण्या-मुंबईत, बेंगळुरूत किंवा परदेशात सॉफ्टवेअर वा इलेक्ट्रॉनिक्समध्ये असेल, तर मुलांना व्याख्यान देण्याऐवजी शिक्षकांचा फोन उचला. रात्री नऊला ‘पोर्ट दिसत नाही’ असा फोटो आला तर उत्तर द्या. टिंकरिंग लॅबसाठी ‘मेंटॉर ऑफ चेंज’ नावाची स्वयंसेवकांची योजना आहे, तिच्यातही नाव देता येतं. आणि गावातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला विसरू नका, डाग द्यायला त्याच्याइतकं सफाईने कोण शिकवणार? पाबळचा विज्ञान आश्रम डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३मध्ये सुरू केला. त्यांच्या शालेय कार्यक्रमात गावातल्या हुन्नरी माणसांना निदेशक म्हणून शाळेत आणलं गेलं. याच पाबळमध्ये २००२मध्ये फॅब लॅब आली. आपल्या गावातला कारागीर शाळेच्या फाटकाबाहेर ठेवण्याचं काही कारण नाही.

खरेदी शेवटी, आणि थोडी. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला साधा बोर्ड काही शे रुपयांत मिळतो. त्यात ब्रेडबोर्ड, तारा, एलईडी, रोध आणि एक-दोन सेन्सर घातले तरी एका शिक्षकाचा संच हजार-बाराशेच्या आसपास बसतो. तो संच शिक्षकाला घरी नेऊ द्या. घरी जळला तर जळू द्या. टिंकरकॅडसारख्या संकेतस्थळावर पडद्यावरच सर्किट जोडून बघता येतं, तेव्हा पहिले आठ दिवस बोर्डाशिवायही सराव होतो. वस्तू हाताळणाऱ्या रोबोची, थ्री-डी प्रिंटरची यादी त्यानंतर, आणि ती शिक्षकांनी करावी, पुरवठादाराच्या माहितीपत्रकावरून उतरवू नये.

आणि हे बोलणं दिवाळीच्या मेळाव्यापर्यंत लांबवू नका. पुढच्या वर्षाचं वेळापत्रक शाळा उघडण्याआधीच लागतं. दोन शिक्षकांना आठवड्यातली एक जोडतासिका मोकळी हवी असेल, तर मुख्याध्यापकांना मे महिन्यातच भेटा.