मायना आणि मजकूर

मराठीच्या अभ्यासक्रमात 'उपयोजित' किंवा 'व्यावहारिक' या विशेषणाखाली जे काही कोंबले जाते, त्यात औपचारिक पत्रलेखनाची अवस्था सर्वांत केविलवाणी आहे. प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू अशा चार-सहा खुंट्या विद्यार्थ्याने योग्य जागी ठोकल्या की गुण पदरात पडतात. त्या खुंट्यांवर काय टांगले आहे, हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. नंदुरबार जिल्ह्यात मराठीचे अध्यापन करणारे आम्ही काही प्राध्यापक येथे एवढेच म्हणू इच्छितो की अन्यत्र ही अध्यापनातील ढिलाई ठरत असेल. आमच्या भागात तो अन्याय आहे.

'अन्याय' हा शब्द कोणाला अतिशयोक्त वाटेल, म्हणून आधी भूमी पाहावी. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. घरात भिली, पावरी, मावची, देहवाली, अहिराणी. मराठी भेटते ती शाळेत आणि त्यानंतर थेट कचेरीत. १९६४च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने राज्याच्या कारभाराला मराठीचे अधिष्ठान दिले, ही आपल्या सर्वांच्या अभिमानाची गोष्ट. परंतु धडगावच्या डोंगरातल्या माणसाला हा अभिमान अर्जाच्या कागदावरच पडताळून पाहावा लागतो.

वनहक्काचेच उदाहरण घेऊ. २००६च्या कायद्याने, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसत असलेल्या आदिवासींना त्या जमिनीवरील हक्काची मान्यता मागता आली. दावा प्रथम ग्रामसभेपुढे, तेथून उपविभागीय समितीकडे आणि मग जिल्हा समितीकडे. प्रत्येक पायरी कागदाची. नियम करणाऱ्यांना मौखिक परंपरेची जाण होती, असेही म्हणावे लागेल. कारण पुराव्यांच्या यादीत गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले कथनही आहे. पण ते कथन नोंदवणार कोण, आणि कसे? कोणत्या झाडापासून कोणत्या नाल्यापर्यंत, कोणत्या सालापासून, कोणाच्या समक्ष, हे तपशील गळून केवळ 'आम्ही पिढ्यानपिढ्या येथे राहत आहोत' एवढेच वाक्य उरले, तर पुरावा पातळ होतो. उपविभागीय समितीचा निर्णय मान्य नसेल तर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे दाद मागता येते; आणि २०१२च्या दुरुस्त नियमांनुसार नामंजुरीची कारणे लेखी नोंदवावी लागतात. म्हणजे समोरचे पत्र आधी वाचता आले पाहिजे, त्यातले कारण ओळखता आले पाहिजे आणि नेमक्या त्याच कारणाला उत्तर देता आले पाहिजे. आमच्या शास्त्रात याला संहितेचे सूक्ष्म वाचन म्हणतात. ते कवितेपुरतेच राखून का ठेवायचे?

आता वर्गातून विद्यार्थी काय घेऊन बाहेर पडतो, ते पाहा. "मी एक गरीब व होतकरू आदिवासी असून माझी परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे. तरी मेहेरबान साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करावा, ही नम्र विनंती." हा मजकूर शिष्यवृत्तीला चालतो, दाखल्याला चालतो, वीजजोडणीला चालतो, पीकविम्यालाही चालतो, आणि म्हणूनच तो कशाच्याही उपयोगाचा नाही. त्यात तारीख नाही, क्रमांक नाही, मागणी नाही. आहे तो केवळ वाकलेला कणा. याउलट हे पाहा: "माझा वनहक्क दावा नामंजूर झाल्याचे आपले पत्र मला अमुक तारखेस मिळाले. त्यात नामंजुरीचे कारण नमूद नाही. नियमानुसार कारणे लेखी नोंदवणे आवश्यक आहे. तरी कारणांसह आदेशाची प्रत मला द्यावी. सोबत: आपल्या पत्राची छायाप्रत." चार वाक्ये आणि एक जोडपत्र. यात उद्धटपणा कोठेही नाही. मात्र याचकाच्या जागी नागरिक उभा राहिला आहे.

माहिती अधिकाराच्या कायद्याने (२००५) तर हे स्पष्टच केले आहे. अर्जदाराने माहिती का हवी, याचे कारण सांगण्याची गरज नाही. म्हणजे आमच्या ठोकळेबाज अर्जातील हलाखीचे पहिले वाक्य कायद्यालाच नको आहे! ज्याला लिहिता येत नाही, त्याचे तोंडी म्हणणे लेखी उतरवण्यास साहाय्य करणे हे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. महाराष्ट्राने २०१२ साली नियमांत बदल करून अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणतः १५० शब्दांच्या आत असावा, असे ठरवले. ही मर्यादा नागरिकावर लादणे कितपत योग्य, यावर वाद अवश्य घालावा. पण १५० शब्दांत एकच गोष्ट निःसंदिग्धपणे मागणे ही गद्यलेखनाची कसोटी आहे. ललित निबंधावर सत्रभर बोलणाऱ्या विभागांना ही कसोटी कमी प्रतीची का वाटावी?

या तुच्छतेला परंपरेचाही आधार नाही. यादवकाळात हेमाद्रीच्या नावाशी पत्रलेखनाच्या पद्धती जोडल्या गेल्या. शिवकाळात राजव्यवहारकोशाने तेराशेहून अधिक दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. बखरींइतकाच ऐतिहासिक पत्रांचा अभ्यास आपण मराठी गद्याचा पाया म्हणून करतो. मग चारशे वर्षांपूर्वीचे पत्र वाङ्मय आणि आजचा अर्ज कारकुनी, हा न्याय कुठला?

आमचे व्यवसायबंधू यावर तीन आक्षेप घेतात. पहिला असा की आम्ही साहित्याचे अध्यापक आहोत, अर्जनवीस नव्हे. मान्य. पण 'गोधड' (१९८७) लिहिणारे वाहरू सोनवणे याच जिल्ह्यातले. त्यांच्या कवितेवर परिसंवाद भरवायचे आणि त्याच समाजातील पदवीधराला तहसील कचेरीबाहेरच्या टेबलावर पैसे मोजून अर्ज लिहून घ्यायला लावायचे, ही विसंगती साहित्यप्रेमाने झाकली जात नाही.

दुसरा आक्षेप असा की या मुलांची प्रमाण भाषाच कच्ची आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीने दावा बुडत नाही. गट क्रमांक चुकला तर बुडतो. शुद्धलेखन शिकवावेच, परंतु त्याला उंबरठ्यावरचा पहारेकरी करू नये. शिवाय जो विद्यार्थी आजोबांचे पावरीतले कथन ऐकून मराठीत उतरवू शकतो, त्याच्याकडे एक दुर्मिळ कौशल्य आहे. ते अनुवादाचे कौशल्य आहे, आणि आपण त्याला उणीव म्हणतो.

तिसरा आक्षेप अगदी अलीकडचा: आता यंत्र क्षणात पत्र लिहून देते. देते खरे, मायना तर निर्दोष देते. पण नाला कोणता, साल कोणते, आदेश कोणाचा आणि मागायचे नेमके काय, हे ठरवावे लागते ते माणसालाच. यंत्रामुळे पाठ केलेला नमुना निरुपयोगी झाला असेल, तर त्याचा शोक कशाला?

काय शिकवावे, याची यादी लांब नाही. पत्र कोणाच्या अधिकारात आहे ते शोधणे. एका पत्रात एकच मागणी करणे. घटना तारखेच्या क्रमाने मांडणे. विशेषणाऐवजी आकडा लिहिणे. जोडपत्रांची नोंद करणे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घेणे. आणि आलेले उत्तर वर्गात कवितेइतक्याच बारकाईने वाचणे. परीक्षेत कल्पित मुख्याध्यापकाला रजेचा अर्ज लिहायला लावण्याऐवजी खराखुरा नामंजुरी आदेश, नावे झाकून, समोर ठेवावा आणि त्याला उत्तर मागावे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. आमच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले: स्वतःला लिहिता येत नसलेल्या, पण जिच्या ओव्या इतरांनी लिहून घेतल्या म्हणून आज मराठीच्या ठेव्यात आहेत, अशा कवयित्रीचे. ऐकून नीट उतरवून घेण्याचे मोल याहून अधिक स्पष्टपणे कोणी सांगावे? 'मायना' हा शब्द मुळात अरबीतला, आणि त्याचा तेथील अर्थ आहे 'अर्थ'. आपण तो आदबीच्या ओळीपुरता आकसून टाकला. पत्राला त्याचा मूळ मायना परत मिळवून देणे हे मराठी विभागांचेच काम आहे, आणि ते येत्या सत्रापासून सुरू करण्यास कोणत्याही अभ्यास मंडळाच्या परवानगीची गरज नाही.