कळफलकाचीं मुळाक्षरें

गेल्या सहामाहीच्या अखेरीस माझ्या वर्गांतील एका मुलीनें शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर लिहून मजकडे तपासावयास आणिला. त्यांत एक वाक्य असें होतें : "यंदां वेलेवर पाऊस न पडल्यानें आमच्या विहिरीस पानी नाहीं." मुलगी मराठींत हुशार, तिच्या वहींत असली चूक मला कधींच आढळली नव्हती. विचारतांच ती म्हणाली, "सर, मीं बरोबरच लिहिलें, यंत्रानें तसें उमटविलें."

तिनें मराठी मजकूर रोमन अक्षरांच्या द्वारें लिहिला होता. त्या रीतींत साधा 'एल' दाबला कीं ल उमटतो आणि मोठा दाबावा तेव्हां ळ. न आणि ण यांचीहि तीच गत. कांहीं यंत्रें तर अंदाजानें तीनचार शब्द पुढें मांडतात व आपण त्यांतला एक उचलावयाचा. पाण्याचें पानी झालें तें हातानें नव्हे, अंदाजानें. आणि अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्यास यंत्र दिसत नाहीं, मुलगी दिसते.

ह्यावरून माझें असें मत झालें आहे कीं, संगणकाच्या शिक्षणाची सुरुवात आपण चुकीच्या टोकाकडून करितों. पहिल्या दिवशीं मुलें वहींत "हार्डवेअर म्हणजे काय" हें उतरवून घेतात, व्याख्या घोकतात, आणि परीक्षेनंतर विसरतात. वास्तविक ह्या संज्ञांपैकीं पुष्कळशा घोकण्यासारख्या नाहींतच. त्या पाहण्यासारख्या आहेत. शिफ्ट हीच कळ घ्या. शोल्स ह्या अमेरिकन गृहस्थाचें टंकयंत्र रेमिंग्टन कंपनीनें १८७४ सालीं विक्रीस काढिलें, त्यांत केवळ मोठीं अक्षरें उमटत. १८७८ च्या दुसऱ्या यंत्रांत एकाच दांडीच्या टोकास मोठें व लहान अशीं दोन अक्षरें बसविलीं, आणि कागद धरणारा गाडा किंचित् सरकवून हवें तें उमटविण्याची सोय केली. सरकविणारी ती शिफ्ट. गाडा ओळीच्या आरंभीं परत आणावयाचा ते रिटर्न. हें नांव कांहीं कळफलकांवर एंटरच्या जागीं अजूनहि दिसतें. कर्सर हा लॅटिन भाषेंतला 'धावणारा'. माऊस हें उपकरण डग्लस एंगलबार्ट यांनीं १९६८ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें लोकांपुढें प्रथम मांडिलें. त्याची तार शेपटीसारखी होती, मग उंदीर म्हणण्यास कोणाची हरकत असणार? फाइल, फोल्डर आणि डेस्कटॉप हे तर कचेरींतल्या टेबलावरूनच आलेले. एवढें एका तासांत सांगून व्हावें, आणि दुसऱ्या तासापासून बोटें कळांवर पडावींत.

कळफलकावर 'एफ' आणि 'जे' ह्या दोन कळांवर बारीक उंचवटे असतात. दोन्ही तर्जन्या तेथें टेकावयाच्या. उरलेलीं बोटें आपोआप आपल्या घरीं येतात. आतां इन्स्क्रिप्ट नांवाची मराठी मांडणी पाहा. १९९१ सालच्या भारतीय मानकांत तिचा समावेश आहे आणि बहुतेक संगणकांत ती विनामूल्य असते. डाव्या हाताखालीं मुख्यतः स्वर, उजव्या हाताखालीं व्यंजनें. उजवी तर्जनी र वर, मध्यमा क वर, अनामिका त वर, करंगळी च वर. करंगळी एक घर पुढें गेली कीं ट, तर्जनी एक घर आंत आली कीं प. ह्यांच्याच माथ्यावरील ओळींत ग, द, ज, ड, ब. आणि शिफ्ट धरून त्याच कळा दाबा : ख, थ, छ, ठ, फ; घ, ध, झ, ढ, भ. अल्पप्राणाचा महाप्राण करावयास एक कळ! व्याकरणाच्या तासाला जें फळ्यावर पटत नाहीं तें येथें बोटाला पटतें. ल वर शिफ्ट दिलें कीं ळ, म वर दिलें कीं ण. डाव्या मध्यमेखालीं हलन्ताचें चिन्ह आहे, त्यानें जोडाक्षरें होतात. उच्चार ज्या क्रमानें, कळाहि त्याच क्रमानें. येथें वेळेची वेल अंदाजानें होऊंच शकत नाहीं. ज्याला चूक करावयाची त्यानें ती स्वतःच्या बोटानें केली पाहिजे.

"मोबाइलवर इतकें कोण करितो?" असें मुलें विचारतात. प्रश्न रास्त आहे. घरीं भावाला चार ओळी धाडतांना मीहि रोमन अक्षरेंच वापरतों. परंतु लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी जागेस मिनिटास तीस मराठी शब्दांची गति लागते, ती अंगठ्यानें यावयाची नाहीं. मी कॉलेजांत असतांना एका टंकलेखन वर्गास जात असें. तेथील मास्तर कळांवर पत्र्याचें झांकण ठेवीत. पहिले पंधरा दिवस त्याच त्या चार अक्षरांच्या ओळी. डावी करंगळी रात्रीं ठणके. मीं तेव्हां त्यांना मनांत बरेंच बोल लाविले. आज हा लेख मीं खालीं न पाहतां लिहीत आहें.

त्या मुलीचा अर्ज पाठविण्यास तीन दिवस अवकाश होता. शाळा सुटल्यावर आम्ही संगणकाच्या खोलींत बसलों. पहिल्या दिवशीं एक ओळ लिहावयास तिला अर्धा तास लागला. ळ सांपडला तेव्हां ती हंसली. तिसऱ्या दिवशीं अर्ज गेला, त्यांत पाणी होतें.

येत्या मे महिन्याच्या सुटींत शाळेंतील सर्व कळफलकांवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावण्याचें काम मीं पत्करिलें आहे. पहिला महिनाभर पट्ट्या, पुढें हातांवर रुमाल. पट्ट्या कापावयास ज्यांना यावयाचें असेल त्यांनीं कात्री घरून आणावी.