बैल बसला, मालक कधी बसणार?



पोळा झाला. आदल्या दिवशी बैलांची खांद शेकली, हळद-तूप लावले, आवतण दिले. पोळ्याच्या दिवशी जू नाही, काठी तर नाहीच. रोवणीच्या चिखलातून निघालेल्या खांद्याला आराम पाहिजे, हे आपल्या म्हाताऱ्यांना कोणी शिकवले नव्हते. आता माझ्याकडे एकच जोडी उरली, बाकी काम ट्रॅक्टर करते. ट्रॅक्टरचा खांदा दुखत नाही, तो थांबत नाही, अन् मंग मालकालाही थांबता येत नाही.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात पहिले धान एकदाच होत होते. जूनमध्ये पऱ्हे, जुलै-ऑगस्टात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी. कापणीच्या पंधरा दिवस आधी उभ्या धानात लाखोरी फेकून द्यायची. नांगर नाही, पाणी नाही, ओलीवरच निघायची. चुरणे झाले की मंडई, रात्रभर नाटक, सोयऱ्याधायऱ्यांकडे चार दिवस. मोहफूल अन् तेंदूपत्त्यावर पोट असलेल्या मजुराला तेव्हाही सवड नव्हती, हे खरे सांगितले पाहिजे. पण बांधीवाल्याला होती.

मंग कालवा आला, बोअर आली. जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा रोवणी, मे महिन्याच्या उन्हात कापणी, तवर खरिपाचे पऱ्हे डोक्यावर. मी चार एकरात अकरा वर्षे उन्हाळी धान केले. पैसा झाला, नाही म्हणत नाही. पोरीचे लग्न त्यातच झाले. पण त्या अकरा वर्षांत एक नाटक धड पाहिले नाही. गेलो तरी खुर्चीवर बसून मोबाईलवर पाहायचो, मोटर चालू हाय का बंद.

दोन वर्षांपूर्वीची एप्रिलची गोष्ट. रात्रीची लाईन होती. तीन वाजता पाणी फिरवून मोटरसायकलने घरी येताना गाडीवरच डोळा लागला. सरळ कालव्याच्या खड्ड्यात. खांद्याचे हाड मोडले. डॉक्टर म्हणाले दीड महिना हात हलवायचा नाही. माझीच खांद शेकायची पाळी आली.

पहिले आठ दिवस जीव नुसता तळमळला. पोरगा बांधीवर जायचा अन् मी खाटेवरून हुकूम सोडायचो. मंग ध्यानात आले, माझ्या निम्म्या चकरा कामाच्या नव्हत्याच. घरी बसलो तर लोक आळशी म्हणतील, म्हणून जात होतो.

त्या खरिपात हात बरा झाला, पण सवय बदलली. सप्टेंबरात शेजाऱ्याचा पंप सुरू झाला की आपणही औषध आणायचे, हे बंद केले. सकाळी धुऱ्यावर अर्धा तास बसायचे. आठ-दहा ठिकाणची चुडे हलवून बुडाशी तुडतुडे मोजायचे. कमी दिसले तर दोन दिवस थांबायचे, पुन्हा मोजायचे. वाढताना दिसले तर पहिले बांधीतले पाणी काढायचे, युरियाचा हात आखडायचा. त्या साली माझ्या दोन फवारण्या वाचल्या. ज्याला आपण रिकामे बसणे म्हणतो, त्यात हे काम झाले. पळत राहिलेल्या माणसाला चुडाच्या बुडाशी काय चालले ते दिसत नाही.

जमिनीचेही तेच. बारा महिने चिखल अन् धानावर धान केले, तर खोडकिड्याला उपाशी राहायची पाळीच येत नाही. लाखोरी, हरभऱ्याची मुळे जमिनीला नत्र देतात, हे कृषी सहायक दरवर्षी सांगतात. आपण मान हलवतो अन् पुन्हा उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकतो.

एक गोष्ट मात्र मला अजून जमली नाही. पोळ्याला बैल बसला, मीही बसलो, अन् घरची पहाटेपासून चुलीजवळ होती. पुरण शिजवणे, बैलांना ओवाळणे, पाहुण्यांचे जेवण. रोवणीत वाकलेली कंबर तिचीही होती. तिला म्हटले, उद्या काही करू नको. ती म्हणाली, "मंग तुम्ही करा भाजी." केली. खारट झाली.

यंदा चार एकरातले एकच एकर उन्हाळी धानाला ठेवतो. तीन एकरात धान उभे असतानाच लाखोरी फेकणार. पोराला पसंत नाही. ट्रॅक्टरची किस्त कोण भरणार म्हणतो, अन् त्याचे चूक नाही. हिशेब करून पाहिला, किस्त निघते, पण हात आखडूनच. दुसरी चिंता मोकाट जनावरांची. सगळ्या शिवारात एकट्याचीच लाखोरी हिरवी राहिली, तर ती माझ्यासाठी उरणार नाही. म्हणून धुऱ्याला धुरा लागून असलेल्या दोघांशी बोलणे सुरू आहे.

आमगाव, सालेकसा, गोरेगावकडे कोणाजवळ लाखोरीचे चांगले बियाणे असेल तर कळवा, राजेहो. कापणीच्या आधी पाहिजे.