माहितीचे कोठार आणि त्याचा कोठावळा

महाराष्ट्रातील शेतकऱ्यास फरीदाबाद हे नाव ठाऊक झाले ते तेथे तयार होणाऱ्या ट्रॅक्टरांमुळे. दिल्लीच्या दक्षिणेस असलेल्या या जुन्या गावाशेजारी 1949 पासून वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी नवी वसाहत उभी राहिली. निर्वासितांनी आपली घरे बऱ्याच अंशी स्वतःच्या श्रमाने बांधली आणि पुढे त्या वसाहतीभोवती कारखान्यांचे एक मोठे नगर वाढत गेले. याच फरीदाबादेत, गुरुग्रामकडे जाणाऱ्या रस्त्यावर, निराळ्याच प्रकारच्या मालाचे एक कोठार नोव्हेंबर 2022 मध्ये उघडण्यात आले. युनेस्कोच्या सहकार्याने चालणाऱ्या प्रादेशिक जैवतंत्रज्ञान केंद्राच्या आवारातील हे भारतीय जैविक डेटा केंद्र होय. सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनातून निघणारी जीवशास्त्रीय माहिती देशातच साठविली जावी, हा त्याचा हेतू. आरंभी त्याची साठवणशक्ती 4 पेटाबाइट, म्हणजे सुमारे 40 लाख गिगाबाइट इतकी होती. दहा हजारांहून अधिक भारतीयांच्या जनुकसंचांचे वाचन करणाऱ्या 'जीनोम इंडिया' या प्रकल्पाची माहिती जानेवारी 2025 मध्ये संशोधकांसाठी खुली करण्यात आली, तीही याच कोठारातून. एका माणसाच्या जनुकसंचात सुमारे 300 कोटी अक्षरे असतात, एवढे ध्यानात घेतले म्हणजे या कोठाराच्या आकाराविषयी आश्चर्य वाटणार नाही.

कोठार झाले, आता कोठावळा कोण, हा प्रश्न उरतो. या माहितीची पारख करणारा, तिच्यातील खडे वेचणारा, तिच्यातून वैद्यास उपयोगी पडेल असे ज्ञान काढणारा माणूस कोणत्या विद्यापीठात घडावयाचा आणि घडल्यावर त्याने पोटापाण्यासाठी कोणत्या दारी जावयाचे? या विद्येस जैववैद्यकीय माहितीशास्त्र म्हणतात. इंग्रजी शिकलेल्या विद्यार्थ्यांत ती बायोमेडिकल इन्फर्मेटिक्स या नावाने परिचित आहे. संगणकावर जनुकांची अक्षरे जुळविणे एवढाच या विद्येचा अर्थ पुष्कळ जण समजतात, आणि अभ्यासक्रम आखणाऱ्यांपैकीही काहींची समजूत याहून फारशी वेगळी नसते. हा अर्थ अपुरा आहे.

याचे एक उदाहरण फरीदाबादेतच सापडते. डेटा केंद्राच्या शेजारीच ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट ही संस्था आहे. या संस्थेच्या पुढाकाराने 2015 पासून गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयात येणाऱ्या गर्भवती स्त्रियांचा दीर्घकालीन अभ्यास चालू झाला. 'गर्भिणी' हे त्याचे नाव. मूल दिवस भरण्यापूर्वीच का जन्मते, याचा शोध घेणे हा त्याचा उद्देश. परंतु दिवस भरले की नाही हे सांगण्यास आधी गर्भाचे वय अचूक ठाऊक पाहिजे. आपल्याकडील पुष्कळ स्त्रिया रुग्णालयात प्रथम येतात त्या चौथ्या-पाचव्या महिन्यात किंवा त्याहूनही उशिरा. शेवटच्या पाळीची तारीख आठवत नाही. मग सोनोग्राफीत गर्भाची मापे घेऊन वय काढावयाचे; आणि त्यासाठी जे सूत्र वापरात होते ते अमेरिकेतील स्त्रियांच्या मापांवरून बसविलेले. गर्भारपण जसजसे पुढे सरकते तसतशी या सूत्राची चूक वाढत जाते. फरीदाबादची ही संस्था आणि मद्रासची आय.आय.टी. यांच्या संशोधकांनी भारतीय स्त्रियांच्या मापांवरून दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीसाठी नवे सूत्र तयार करून 2024 मध्ये प्रसिद्ध केले. त्यामुळे ही चूक जवळजवळ एक-तृतीयांशावर आली.

वरवर पाहता हे यश गणिताचे आणि संगणकाचे वाटेल. वस्तुतः ते त्याआधीच्या कित्येक वर्षांचे आहे. प्रत्येक स्त्रीचे माप एकाच रीतीने घेतले जावे म्हणून सोनोग्राफी करणाऱ्यांस शिकवावे लागते, यंत्रे तपासावी लागतात, प्रसूतीपर्यंत त्या स्त्रीचा संपर्क तुटू द्यावयाचा नसतो, तिची संमती तिला समजेल अशा भाषेत घ्यावी लागते. ही कामे नीट झाली म्हणूनच पुढचे गणित सार्थ ठरले. मूळ मापेच विस्कळीत असती, तर कितीही बलाढ्य संगणकाने त्यांतून चुकीचेच सूत्र, मात्र अतिशय वेगाने, काढून दिले असते.

या विद्येच्या पदव्युत्तर शिक्षणातील मुख्य उणीव येथेच आहे. विद्यार्थी तिच्याकडे दोन दारांनी येतो. एक जीवशास्त्राचे दार: या दारातून येणाऱ्यास पेशी ठाऊक असते, पण संभाव्यतेचे गणित म्हटले की त्याच्या अंगावर काटा येतो. दुसरे अभियांत्रिकीचे: त्यास संगणकाची आज्ञावली लिहिता येते, पण रुग्णाच्या कागदावरील आकडा कसा जन्मास येतो हे त्याने कधी पाहिलेले नसते. आणि त्या आकड्याचा जन्म पाहण्यासारखा असतो. रक्तातील साखरेचा आकडा उपाशीपोटीचा की जेवणानंतरचा, हे कागदावर कित्येकदा नसते. जेथे तपासणी झालीच नाही तेथे रकाना रिकामा ठेवण्याऐवजी कोणी शून्य लिहितो, आणि संगणक त्या रुग्णाची साखर शून्य समजून सरासरी काढतो. वय विचारले असता रुग्ण 'असेल चाळीस-पन्नास' म्हणतो. म्हणून रुग्णांच्या यादीत चाळीस, पन्नास आणि साठ या वर्षांपाशी माणसांची दाटी होते आणि एकेचाळिसाव्या वर्षी जणू कोणी आजारीच पडत नाही. रक्तदाब मोजणाऱ्या परिचारिकेस रांग संपवावयाची असते. तिच्या लेखी 120 आणि 80 हे फार सोयीचे आकडे आहेत. यात तिचा दोष थोडा. परंतु हे ज्यास ठाऊक नाही, त्याच्या हाती दहा लाख रुग्णांची माहिती देणे म्हणजे आंधळ्याच्या हाती दिवा देण्यासारखेच होय.

हे शिक्षण वर्गात होत नाही, रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात होते. आणि फरीदाबादेत तशी सोय शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. कामगार राज्य विमा महामंडळाचे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय या शहरात आहे आणि कारखान्यांतील विमेदार कामगार व त्यांची कुटुंबे हेच त्याचे मुख्य रुग्ण. धूळ, उष्णता व रात्रपाळी यांत काम करणाऱ्या माणसांच्या आजारांची नोंद जेथे होते आणि जनुकांची माहिती जेथे साठते, ती दोन्ही ठिकाणे एकाच नगरात असावीत हा योग थोड्याच शहरांच्या वाट्यास येतो. प्रादेशिक जैवतंत्रज्ञान केंद्रास संसदेच्या 2016 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा व पदव्या देण्याचा अधिकार मिळाला आहे. जीवसांख्यिकी व जीवमाहितीशास्त्र या जोडविषयातील पीएच.डी.ची सोयही तेथे झाली. अशा पदवीच्या पाच वर्षांपैकी एक पूर्ण वर्ष रुग्णालयात काढणे सक्तीचे असावे, ही अपेक्षा अवास्तव नव्हे.

अनुभवाची उणीव म्हणावी तर तीही नाही. केंद्रीय जैवतंत्रज्ञान विभागाने 1986-87 च्या सुमारास जीवमाहितीची केंद्रे देशभर उघडण्याचा उपक्रम हाती घेतला. त्यांतले एक केंद्र पुणे विद्यापीठात स्थापन झाले व प्रा. अशोक कोळस्कर यांनी ते नावारूपास आणले. प्रथिनाच्या कोणत्या भागाविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करील याचे अनुमान करण्याची जी रीत कोळस्कर व तोंगावकर यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केली, ती सुमारे 75 टक्के अचूक होती आणि लसींच्या अभ्यासात ती अजूनही वापरली जाते. विषाणूंच्या माहितीचा संग्रह पुण्यात झाला. ज्या शहरात राष्ट्रीय विषाणू संस्था होती तेथेच तो व्हावा, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

पुढे मानवी जनुकसंचाच्या वाचनाची वार्ता वृत्तपत्रांतून गाजली आणि 2000 नंतरच्या काही वर्षांत या विषयाचे पीकच आले. जेथे ना प्रयोगशाळा, ना रुग्णालय, ना धड ग्रंथालय, तेथेही दहा-वीस संगणक मांडून पदवीचे वर्ग निघाले. त्या वर्गांतून बाहेर पडलेल्या कित्येकांस अखेर सामान्य सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत शिरावे लागले. काहींस त्याही मिळाल्या नाहीत. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने तसेच वर्ग पुन्हा निघत आहेत. सातारा किंवा नांदेड येथील एखादा बाप मुलीच्या प्रवेशासाठी कर्ज काढावयास निघाला असेल, तर त्याने त्या संस्थेस एवढेच विचारावे की, विद्यार्थ्यांस खरी, अस्वच्छ, रुग्णालयातून आलेली माहिती हाताळावयास मिळते काय? उत्तरावरून त्यास पुष्कळ कळेल.

आता पोटापाण्याविषयी. शिक्षण चालू असता परिस्थिती वाईट नाही. राष्ट्रीय परीक्षेतून निवडलेल्या संशोधक विद्यार्थ्यास 1 जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये व पुढे 42,000 रुपये छात्रवृत्ती ठरलेली आहे, घरभाडे निराळे. औषधी कंपन्या, नव्या औषधांच्या रुग्णांवरील चाचण्यांची माहिती सांभाळणाऱ्या संस्था, विमा कंपन्या व मोठी खाजगी रुग्णालये यांना ही विद्या जाणणारे लोक हवे असतात, आणि गुरुग्राम, पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे त्यांना कामही मिळते. अडचण आहे ती सार्वजनिक संस्थांत. विद्यापीठीय अध्यापकपदाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत या विद्येची स्वतंत्र प्रश्नपत्रिकाच नाही. उमेदवाराने जीवशास्त्रज्ञ म्हणून बसावे किंवा संगणकशास्त्रज्ञ म्हणून. निवडसमितीपुढे गेल्यावर पहिले त्यास दुसऱ्यांचा समजतात आणि दुसरे पहिल्यांचा, आणि त्याचा त्रिशंकू होतो. राहता राहिली प्रकल्पांतील कामे. ती दोन-तीन वर्षांची असतात. प्रकल्प सरला की नोकरीही सरते आणि माहितीचा कोणता रकाना कोणत्या अर्थाने भरला होता हे ज्याच्या एकट्याच्या डोक्यात होते तो माणूस निघून जातो. शोधनिबंधांची संख्या मोजणाऱ्या पद्धतीत, दुसऱ्यांच्या उपयोगासाठी माहिती निवडून-पाखडून ठेवणाऱ्याचे काम बहुधा मोजलेच जात नाही.

असा प्रसंग देशावर प्रथमच आलेला नाही. संख्याशास्त्राचीही एके काळी हीच दशा होती: गणिती त्यास गणित मानीत नसत आणि शासनास त्याचा उपयोग उमजत नसे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी 1940 नंतरच्या दशकात दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत या विद्येचा विभाग उभा केला. पिकाचा अंदाज तलाठ्याच्या नजरेवर न सोडता, यदृच्छेने निवडलेल्या शेतातील ठराविक तुकड्याचे पीक प्रत्यक्ष कापून तोलावयाचे, ही रीत त्यांनी देशभर रुजविली आणि त्यासाठी माणसे शिकवून तयार केली. सुखात्म्यांचे संख्याशास्त्र शेताच्या बांधावर उभे होते. त्यापुढची पायरी शासनाने उचलली. 1961 मध्ये भारतीय सांख्यिकी सेवा स्थापन झाली आणि संख्याशास्त्राच्या पदवीधरास हुद्दा, वेतनश्रेणी व बढतीचा मार्ग मिळाला. ग्रंथपालांसंबंधीही असाच विचार झाला होता. डॉ. रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ अनुदान मंडळाच्या समितीने त्यांस अध्यापकांच्या बरोबरीचे वेतन असावे अशी शिफारस केली होती. पुस्तकांचे कोठार राखणारा माणूस विद्वान असावा लागतो, हे तेव्हा मान्य झाले.

यावर आक्षेप असा येतो की, संगणकच आता इतका शहाणा झाला आहे की अशा माणसांची गरजच लवकर संपेल. हे अंशतः खरे आहे. आज्ञावली लिहिणे, तक्ते जुळविणे ही कामे यंत्राकडे जात आहेत, आणि तेवढेच शिकलेल्याने सावध राहावे हे बरे. परंतु गुरुग्रामच्या रुग्णालयात मे महिन्याच्या उन्हात तीन तास ताटकळलेल्या स्त्रीचा रक्तदाब चढलेला का दिसतो, हे यंत्रास कोणी सांगितल्यावाचून कळत नाही. शिवाय ती माहिती तिची आहे. 2023 च्या वैयक्तिक माहितीसंरक्षण कायद्यानंतर तिच्या वापराचा जाब कोणास तरी द्यावा लागणार, आणि तो देणारा माणूस जागेवर असावा लागतो.

यासाठी लागणारी तरतूद मोठी नाही. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णमाहितीच्या अधिकाऱ्याची एक कायम जागा, अध्यापकाच्या वेतनश्रेणीत. पात्रता परीक्षेत एक स्वतंत्र प्रश्नपत्रिका. आणि संशोधनाच्या प्रत्येक अनुदानात माहिती राखण्याच्या खर्चाचा निराळा रकाना, जो यंत्रसामग्रीकडे वळविता येणार नाही. फरीदाबादच्या केंद्रात यंत्रे बसविण्यास जो काळ लागला, त्याहून या तीन गोष्टींस अधिक काळ लागण्याचे कारण दिसत नाही. तोवर, आज छात्रवृत्ती घेऊन तेथे रुजू होणाऱ्या विद्यार्थ्याची पाच वर्षे मोजावयास सुरुवात झालेली आहे.